आयरिश पूर्वज शोधताय? मग निदान या चुका तरी टाळा

परवा परत एकाचा मेसेज आला. "पॅट्रिक मर्फी, कॉर्क, जन्म साधारण १८५०, बायकोचे खापरपणजोबा. सापडतील का?" सापडतील की, ढिगाने सापडतील, आवडेल तो उचला.

मी डब्लिनमध्ये राहते, नवरा आयरिश, त्याच्या घरच्यांची वंशावळ काढता काढता मला या प्रकाराचं जे वेड लागलंय ते आठ वर्षं झाली तरी उतरत नाही. त्यामुळे ओळखीपाळखीत ज्याचा म्हणून आयर्लंडशी बादरायण संबंध आहे (जावई, सून, अमेरिकेतला बॉस, काहीही) तो माझ्याकडे येतो, आणि येताना त्याच त्याच चुका घेऊन येतो. म्हणून एकदाचं लिहून टाकते, पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करेन.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे नावामागे धावणं. आयर्लंडमध्ये माणूस नावावरून सापडत नाही, जागेवरून सापडतो. नावं मोजकीच, मुलगे म्हणजे पॅट्रिक, जॉन, मायकल, जेम्स, थॉमस आणि मुली म्हणजे मेरी, ब्रिजेट, मार्गारेट, कॅथरीन, संपलं. त्यात पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, अशी चाल. म्हणजे एका आजोबांना चार मुलगे असले की चौघांच्याही घरी त्याच नावाचा, त्याच आडनावाचा नातू, सगळे एकाच पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीत) आणि वयात दोन-तीन वर्षांचं अंतर. आपल्याकडेही नातवाला आजोबांचं नाव ठेवायचे, पण निदान मध्ये बापाचं नाव लागायचं!

आणि जागा म्हणजे नुसतं 'काउंटी मेयो' नाही हो, तो जिल्हा झाला. जागा म्हणजे टाउनलँड. नावात टाउन असलं तरी शहराशी काही देणंघेणं नाही, आपली वाडी समजा, शेतं आणि दहा-वीस घरं, कधी नुसती दोन. असे ६०,००० हून जास्त टाउनलँड आहेत आणि एकेक नाव कितीतरी ठिकाणी. त्याच्यावर सिव्हिल पॅरिश, मग बॅरनी, मग काउंटी. कॅथलिक चर्चची पॅरिश वेगळी, तिच्या सीमा वेगळ्या, आणि जन्ममृत्यूची नोंद ज्या जिल्ह्यात व्हायची त्याच्या सीमा आणखी वेगळ्या, कारण ते जिल्हे गरिबांच्या वर्कहाऊससाठी आखलेल्या युनियनवरून पाडले होते. बॅलिनास्लो युनियन काही गॉलवेत, काही रॉसकॉमनमध्ये. सुरुवातीला डोकं भणभणतं, पण हे समजून न घेता सर्च बॉक्समध्ये नावं टाकत बसणं म्हणजे नुसता टाइमपास.

माझी स्वतःची फजिती सांगते. नवऱ्याच्या आजीचे आजोबा पॅट्रिक वॉल्श, मेयोचे, बायको मेरी, मुलगा जॉन, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. १९०१ ची जनगणना उघडली तर पॅट्रिक, मेरी आणि वीस वर्षांचा जॉन असं एक कुटुंब सापडलं की! तीन नावं जुळली, मी उडीच मारली. पुढचे पाच महिने त्या कुटुंबावर रात्री जागवल्या, १८४० च्या दशकातल्या बाप्तिस्म्यापर्यंत पोचले, मोठा वृक्ष छापून घेतला, फ्रेम केला आणि सासूबाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाला दिला. टाळ्या वगैरे झाल्या. मग कोपऱ्यातून त्यांची म्हातारी मावशी उठली, चष्मा लावून फ्रेम बघितली आणि म्हणाली, "यात शेतकरी लिहिलंय गं पोरी. आमच्याकडे कधी वीतभर जमीन नव्हती. आजोबा दुसऱ्याची गुरं सांभाळायचे."

आता यातली लाज वाटण्यासारखी गोष्ट ऐका. जॉनच्या १९०८ च्या लग्नाची नोंद मी बघितलीच नव्हती. का, तर नवराबायकोची नावं माहीत होती, मग कशाला बघायची? त्या नोंदीत नवरा-नवरीचा पत्ता असतो, दोघांच्या वडिलांची नावं आणि धंदा असतो. सरकारी आयरिश जिनिऑलॉजी साइटवर मूळ रजिस्टरच्या पानाचा फोटो फुकट बघायला मिळतो, दोन मिनिटांचं काम होतं. बघितलं तर वडील पॅट्रिक वॉल्श, धंद्याच्या रकान्यात 'हर्ड', म्हणजे गुराखी, आणि पत्त्यात एक टाउनलँड जो माझ्या वृक्षापासून तीसेक किलोमीटर लांब.

तो टाउनलँड १९११ च्या जनगणनेत उघडला, आडनाव वॉल्श टाकलं, शून्य. इथे बरेच लोक हात टेकतात. मी नाव काढून टाकलं आणि टाउनलँडमधली सगळी घरं, चौदाच्या चौदा, एकेक करून वाचली. नवव्या घराचा फॉर्म आयरिश भाषेत भरलेला, कुटुंबप्रमुख पाड्रिग ब्रान्नाख. ब्रान्नाख म्हणजेच वॉल्श! त्या काळात आयरिश भाषेची मोठी लाट होती, घरातल्या कोणा शिकणाऱ्या पोराने भरला असावा. १९११ च्या फॉर्ममध्ये बाईला किती मुलं झाली आणि त्यातली किती हयात आहेत हे विचारलेलं असतं. मेरीच्या पुढे ९ आणि ६. मग पॅरिशची रजिस्टरं काढून बाप्तिस्मे मोजले, बरोबर नऊ, जॉन चौथा. त्या दिवशी मी खरंच खुर्चीतून उठून नाचले. जुनी फ्रेम अजून माळ्यावर आहे, टाकून द्यायचा धीर होत नाही.

तुम्हाला वाटेल हे नवख्यांचंच होतं. ॲनी मूरचं बघा. १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कचं एलिस आयलंड, म्हणजे बोटीने येणाऱ्या स्थलांतरितांना तपासून आत घ्यायचं केंद्र, उघडलं तेव्हा पहिली उतरलेली कॉर्कची मुलगी, कोव्हच्या बंदरावर तिचा भावंडांसकट पुतळा आहे. कितीतरी वर्षं सगळे धरून चालले होते की ती पुढे टेक्ससला गेली आणि तिथे ट्रॅमखाली सापडून वारली. २००६ मध्ये मेगन स्मोलेन्याक या संशोधक बाईंनी कागद तपासले तर टेक्ससची ॲनी मूर जन्मलीच होती अमेरिकेत, इलिनॉयमध्ये. खरी ॲनी न्यूयॉर्क सोडून कुठे गेलीच नव्हती, तिथल्याच वस्तीत संसार केला आणि १९२४ मध्ये गेली. आता इतक्या प्रसिद्ध बाईच्या बाबतीत असं होतं तर तुमच्या पॅट्रिक मर्फीचं काय.

म्हणून दुसऱ्या कोणीतरी ऑनलाइन टाकलेली झाडं उचलून आपल्याला चिकटवणं बंद करा. एकाने अंदाज केला, वीस जणांनी कॉपी केला, एकविसावा म्हणतो "वीस ठिकाणी आहे म्हणजे खरंच असणार." पश्चिमेकडच्या बऱ्याच कॅथलिक पॅरिशची रजिस्टरंच १८२० नंतर सुरू होतात, मग तिथल्या एका कुळाची १६९० पर्यंतची तारीखवार वंशावळ कुठून आली हे विचारायला नको का? माझा नियम साधा आहे, मूळ पानाचा फोटो डोळ्यांनी बघितल्याशिवाय झाडावर पान लावायचं नाही. हळू होतं, पण फ्रेमचे पैसे वाचतात.

दुसरी मला चीड आणणारी गोष्ट म्हणजे "आयर्लंडचं सगळं जळालं, काही मिळत नाही" असं म्हणून मोकळं होणं. जळालं हे खरं. ३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातला सरकारी दफ्तरखाना भडकला आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळजवळ सगळ्या गेल्या, मृत्युपत्रं गेली, चर्च ऑफ आयर्लंडची (हे प्रोटेस्टंट चर्च) तिथे जमा केलेली रजिस्टरं गेली. पण १८६१ आणि १८७१ ची जनगणना सरकारनेच आधी नष्ट केली होती आणि १८८१, १८९१ ची पहिल्या महायुद्धात कागदाच्या लगद्यासाठी गेली, त्याचं खापर आगीवर फोडू नका. १९२१ ला तर जनगणना झालीच नाही, देश लढत होता.

उरलं काय ते बघा ना. १९०१ आणि १९११ ची जनगणना पूर्ण आणि फुकट. १८६४ पासून सगळ्यांचे जन्म, मृत्यू, लग्नं, आणि कॅथलिक सोडून इतरांची लग्नं तर १८४५ पासून. कॅथलिक पॅरिशची रजिस्टरं त्या इमारतीत नव्हतीच, ती चर्चमध्ये सुखरूप होती, आणि नॅशनल लायब्ररीने साधारण १८८० पर्यंतची २०१५ मध्ये फुकट ऑनलाइन टाकली. गंमत म्हणजे १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन सुरू झाली, पण म्हाताऱ्यांकडे जन्मदाखले कुठले? मग वय सिद्ध करायला १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेतून त्यांची नोंद शोधून घेतली जायची. मूळ जनगणना जळाली, हे शोधाचे अर्ज राहिले, तेही नॅशनल आर्काइव्हजच्या साइटवर आहेत. हे सगळं फुकट असताना आधीच महागड्या साइटचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेऊन बसणाऱ्यांना काय म्हणावं!

पेन्शनवरून आठवलं, वय जुळत नाही म्हणून माणूस बाद करू नका. आमचे पॅट्रिक १९०१ मध्ये ५७ आणि १९११ मध्ये ७१. दहा वर्षांत चौदा वर्षांनी म्हातारे झाले, पाच शिलिंगांची कमाल. जन्मतारखेचंही तसंच, उशिरा नोंदवलं की दंड पडायचा म्हणून बाप सरळ तारीख पुढची सांगायचा, त्यामुळे बाप्तिस्मा आधी आणि जन्म नंतर अशी पोरं सर्रास सापडतात. मी अशा वेळी बाप्तिस्म्याची तारीख धरते.

आता बाकीच्या पटापट. ओ आणि मॅक असलेली आडनावं कधी तो तुकडा टाकून द्यायची, कधी परत लावायची, म्हणून रायली आणि ओ'रायली दोन्ही शोधा. कॅव्हनमधला स्मिथ इंग्रजच असेल असं धरू नका, तो बहुतेक मूळचा मॅक गावन. कॅथलिक रजिस्टरं बऱ्याचदा लॅटिनमध्ये असतात, तिथला याकोबुस म्हणजे जेम्स, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम. ब्रिजेट अमेरिकेत गेली की डीलिया होते. एलिस आयलंडवर कारकुनाने आडनाव बदललं ही गोष्ट प्रत्येक घरात सांगतात, पण कारकून बोटीच्या यादीवरून नावं वाचायचे, बदल लोकांनी नंतर स्वतः केला. क्वीन्स काउंटी आता लीश झाली, किंग्ज काउंटी ऑफली, क्वीन्सटाउन कोव्ह. आणि आडनावाचं राजचिन्ह छापलेला मग विमानतळावरून खुशाल घ्या, पण ते चिन्ह एखाद्या माणसाला दिलेलं असायचं, आडनावाला नाही.

ग्रिफिथच्या व्हॅल्युएशनमध्ये नाव दिसलं की लोक हुरळतात, "आमच्याकडे जमीन होती!" अहो, ती कर ठरवायला केलेली यादी आहे, १८४७ ते १८६४ मध्ये छापलेली, पहिल्या रकान्यातला माणूस नुसता कसणारा, त्याला जमीन कसायला देणारा शेजारच्या रकान्यात, आणि तोही मालक असेलच असं नाही. आणि दुष्काळात १८४७ ला बोटीत बसलेल्याला मेयोच्या यादीत शोधू नका, ती नंतर निघाली. खरी मजा पुढे आहे. त्या याद्यांमध्ये नंतर अनेक वर्षं हाताने दुरुस्त्या होत गेल्या, त्यांना कॅन्सल्ड बुक्स म्हणतात. जुनं नाव खोडलेलं, वर नवं, बाजूला वर्ष, आणि दर खेपेला वेगळी शाई, लाल, निळी, हिरवी, जांभळी. आपल्या सातबाऱ्यावरचे फेरफारच. जॉनच्या जागी मायकल आला की त्या सालाच्या आसपास जॉनचा मृत्यू शोधायचा, नाहीतर तो बोटीत बसला समजायचं.

माणूस अमेरिकेला गेला असेल तर घाईघाईने आयर्लंडमध्ये उतरू नका, टाउनलँडचं नाव बहुतेक वेळा तिकडच्याच कागदात लपलेलं असतं. त्याचं स्वतःचं नसलं तर भावाबहिणीचं बघा, थडगं, चर्चमधलं लग्न, न्यूयॉर्कच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेची खाती. बॉस्टनच्या पायलट या पेपरात १८३१ ते १९२१ हरवलेल्या नातेवाइकांच्या जाहिराती यायच्या, त्यात गाव-पॅरिशसकट सगळं असतं.

शेवटी पुण्याच्या, नगरच्या, कामठीच्या मंडळींसाठी, कारण कॅम्पात राहणाऱ्या अँग्लो-इंडियन घरांतून हा प्रश्न मला नेहमी येतो, "पणजोबा आयरिश सोल्जर होते, डब्लिनला काही मिळेल का?" एक तर रेजिमेंटच्या नावावरून माणसाचं मूळ ठरवू नका. रॉयल डब्लिन फ्युसिलियर्सची दुसरी बटालियन म्हणजे आधीची रॉयल बॉम्बे फ्युसिलियर्स, १८८१ ला नाव बदललं. आणि भारतातली लग्नं, बाप्तिस्मे, दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला जायच्या, त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दफ्तरात आहेत, शिपायांचे कागद लंडनमधल्याच क्यू इथल्या ब्रिटिश नॅशनल आर्काइव्हजमध्ये. जन्मगाव मिळालं तर तिथूनच मिळेल, मग आयर्लंडचं बघू. डब्लिनला हौसेने यायचं असेल तर या, चहा पाजेन, पण ते कागद इथे नाहीत.