जर्मन शेफर्डचं पिल्लू फॉस्टर करायचंय? आधी शिलाई मशीन झाकून ठेवा

मी धुळ्यात देवपूरला राहते, घरीच ब्लाउज शिवते. आजवर चार पिल्लं फॉस्टर केली, म्हणजे चांगलं घर मिळेपर्यंत सांभाळली. तीन गावठी होती. चौथा बॉबिन, दहा आठवड्यांचा जर्मन शेफर्ड. कुणीतरी हौसेनं आणला असणार. जुलाब लागले तसा पांझरेच्या पुलाजवळ गोणपाटात टाकून दिला. असं टाकून देणं प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे, पण गोणपाटावर कुणी आपलं नाव लिहीत नाही.

पिल्लू आधी डॉक्टरकडे न्या, मग घरी. जुलाब असतील तर पार्वोची तपासणी सांगा; हा पिल्लांचा जीवघेणा, पसरणारा विषाणूचा आजार. अहवाल चांगला आला तरी घरात दुसरं कुत्रं असेल तर १४ दिवस वेगळं ठेवा. बॉबिनला मी मागच्या पडवीत ठेवलं होतं. त्याला नुसते जंत निघाले. फरशी फिनाईलनं पुसून भागत नाही, पार्वोचा विषाणू त्याला दाद देत नाही. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, दहा मिनिटं फरशीवर राहू द्या, मग धुऊन टाका. लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होते, दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर. सगळ्या चिठ्ठ्या एका फाइलीत लावा, पिल्लाबरोबर तीच जायची आहे.

खाणं दिवसातून तीन-चारदा, थोडं थोडं. उकडलेली अंडी, कोंबडी, भात चालतो. कांदा-लसूण नाही, म्हणजे आपल्या शेवभाजीचा रस्सा तर नाहीच.

गोचिडांचं मात्र नीट ऐका. आपल्याकडे कुणीही सांगतं, गुरांचं आयव्हरमेक्टिन टोचून टाका. मेंढ्या वळवणाऱ्या जातींत, कॉलीत फार आणि काही जर्मन शेफर्डांतही, जन्मतःच एक दोष असतो. त्यामुळे हे औषध मेंदूत शिरतं. पिल्लू लटपटतं, बेशुद्ध पडतं, मरतंही. शेजारच्या दादांनी प्रेमानं आणलेली बाटली मी तशीच परत केली. ते आठ दिवस बोलले नाहीत.

आता मशीनचं. या जातीच्या रक्तात मेंढ्या वळवणं आहे. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या वाड्यावर कुत्री असतात ती राखणीची, लांडग्यावर धावणारी. हा त्यातला नव्हे. याला हलणारी गोष्ट दिसली की तिच्यामागे जायचं, घोट्याला दात लावायचे, तिला कोपऱ्यात आणायची. माझं पायडल वर-खाली झालं की बॉबिन पोटावर सरकत यायचा, डोळे न मिटता, आणि टाचेला पकडायचा. संध्याकाळी गल्लीतली पाच पोरं त्यानं ओट्याच्या कोपऱ्यात कोंबली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हाई कुत्रं शे का मास्तर?"

याला मारून उपयोग नाही. पाय ओढला की त्याला अजून चेव येतो, ओरडलात तर खेळ वाटतो. जागच्या जागी खांबासारखं उभं राहायचं. मग हातातली चिंध्यांची वेणी जमिनीवर हलवायची. तिला धरलं की शाबासकी. पुन्हा पायालाच आला तर अर्धा मिनिट दाराआड निघून जायचं, न बोलता. पोरांना मी 'झाड हो' शिकवलं: बॉबिन धावला की हात छातीशी, तोंड बंद, हलायचं नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी त्याला झाडांचा कंटाळा आला. शिवाय पिल्लाला दिवसाकाठी अठरा-वीस तास झोप लागते. चावरेपणा वाढला की आधी झोप झालीय का बघा.

दमवायचं ते डोक्यानं. जुन्या टॉवेलात खाऊ गुंडाळून शोधायला द्या. 'बस', 'थांब' पाच-पाच मिनिटं. लांब पळवणं, जिन्यावरून उड्या, गुळगुळीत फरशीवर घसरणं नको, या जातीचे खुबे आधीच नाजूक. लस पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडू नका, पण जग दाखवा. मी त्याला पिशवीत घालून पाच कंदीलच्या बाजारात नेत असे. रिक्षा, हातगाड्या, भांड्यांचा खणखणाट, सगळं वरून बघायचा. मे महिन्यात पहाटे नाहीतर रात्रीच बाहेर. पालथा हात रस्त्यावर सात सेकंद टेकवत नसेल तर त्याचे पंजेही भाजतात.

माझी एक चूक सांगते. एकदा रीळ खाली राहिलं. पाहते तर बॉबिनच्या तोंडातून लाल दोरा लोंबतोय. ओढायला हात गेलाच होता. असा दोरा कधीच ओढू नका, आत अडकला असेल तर आतडं कापलं जातं. तसंच डॉक्टरकडे पळाले. दोरा जिभेखाली गुंडाळला होता, सुई नव्हती. तेव्हापासून सुया-रिळं डब्यात, झाकण लावून.

घर शोधताना फोन खूप येतात. निम्मे विचारतात, "कान उभे का नाहीत, भेसळ आहे का?" चार-पाच महिन्यांपर्यंत कान पडलेले असू शकतात, दात येताना उभे राहिलेलेही पुन्हा पडतात. कानावर अडलेल्याला पिल्लू देऊ नका. "शेतावर राखणीला हवाय" म्हणणाऱ्याला मी विचारते, रात्री जवळ कोण झोपतं? उत्तर 'कुणी नाही' असेल तर साखळी ठरलेली आहे. मी घर स्वतः बघते, घरातल्या सगळ्यांना भेटते, आणि लिहून घेते की नसबंदी करतील आणि जमलं नाही तर कुत्रं माझ्याकडेच परत येईल.

बॉबिन शिरपूरला गेला. फाइल, पंधरा दिवसांचं तेच खाणं आणि त्याचं अंथरुणाचं फडकं न धुता दिलं. तिसऱ्या दिवशी तिकडच्या ताईंचा फोन, "अहो, ह्यानं पाहुण्यांची पोरं पलंगाखाली घातलीत, काय करू?"

म्हटलं, पोरांना झाड व्हायला सांगा.