शेजाऱ्याच्या कुत्र्यानं नुकसान केलं, तर भरपाई कशी मागावी?

पेठेतल्या बोळात घराला घर लागून. सकाळी दार उघडावं, तर गाडीची सीट फाटलेली आणि फोम गटारीपर्यंत पसरलेला. राग येणारच, पण कुत्र्याला हात लावू नका. दगड मारला किंवा विष घातलं, तर फिर्यादीचे तुम्ही आरोपी होता. जनावराला मारून टाकणं, विष घालणं किंवा जायबंदी करणं याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

फोम झाडायच्या आधी फोटो काढा. एक नंबरप्लेटसह अख्ख्या गाडीचा, एक सीटचा जवळून. खरी अडचण पुढं येते. मालक पहिलं वाक्य हेच बोलतो, "आमचा नव्हं, भटका असंल." त्यामुळं कुत्रा ओळखू येईल असा पुरावा लागतो. समोरच्या दुकानाचा कॅमेरा असेल, तर चित्रण त्याच दिवशी मागून घ्या. जुनं आपोआप पुसलं जातं. सीटवाल्याकडून तारखेचं पक्कं बिल घ्या, फाटकी सीट टाकू नका. आणि गाडी मुळात त्यांच्याच दारात लावली असेल, तर तुमची बाजू लंगडी पडणार.

मग घरी जाऊन बोला, एकट्यानं. तालमीच्या कट्ट्यावर चारचौघांत विषय काढला की माणूस इरेला पेटतो. "काका, राजानं सीट फाडलीया. हे बिल. एवढं भागवा आणि रात्री त्याला आत बांधा." मागण्या दोनच. कबूल झाले तर घरी येऊन व्हॉट्सअ‍ॅपवर 'आपलं ठरल्याप्रमाणे' असं लिहून रक्कम टाका. त्यांचं नुसतं 'हो' आलं तरी कामाला येतं.

नाहीच ऐकलं, तर कागद करा. तारीख, नुकसान, रक्कम आणि पंधरा दिवसांची मुदत लिहून पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा. या पत्राला वकील लागत नाही.

पोलीस ठाण्यात बहुतेक वेळा 'दिवाणी मामला आहे' असं सांगतात आणि फाटक्या सीटपुरतं ते बरोबरही आहे. न्याय संहितेचं कलम २९१ लागतं ते मालकाच्या हयगयीमुळं माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापतीची भीती असेल तेव्हा. कुत्रा पोरांच्या अंगावर धावून जात असेल, तर तक्रारीत ते आधी लिहा.

म्हशी-शेळ्यांचं वेगळं आहे. करवीर, कागलकडं कुणाची म्हैस उसात शिरली, तर १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाबद्दलच्या कायद्यानं (कॅटल ट्रेसपास अ‍ॅक्ट) ती धरून २४ तासांत कोंडवाड्यात पाठवता येते. आपल्या गोठ्यात बांधून धार काढायची मुभा मात्र त्यात नाही! कुत्र्याला हा कायदा लागू नाही.

शेवटी न्यायालय. कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं म्हणून थेट तिकडं धावू नका. दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं दाखलपूर्व लोकअदालतीसाठी अर्ज करा. कोर्ट फी लागत नाही. तिथली तडजोड दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी असते आणि तिच्यावर अपील नाही. म्हणून पैशांबरोबर कुत्रा बांधून ठेवायची अटही त्याच कागदात घालून घ्या आणि सही करण्याआधी पुन्हा वाचा.