आजीच्या जमान्यातल्या प्रेमकादंबऱ्या आता कशा वाचायच्या

नाशिकात असाल तर शोधाशोध नको, सावानात जायचं (आपलं सार्वजनिक वाचनालय हो, १८४० पासूनचं) आणि १९३०-४० च्या आसपासची एखादी प्रेमकादंबरी काढायची. आधी पहिली आवृत्ती कधीची ते बघा, कारण हातातली प्रत बऱ्याचदा नंतरची असते आणि मग सगळा हिशोब चुकतो. प्रत खरंच जुनी असेल तर घरांत, त्यानें असे अनुस्वार दिसतील, ते १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी गेले, दहा-वीस पानांत डोळ्याला सवय होते.

आता मेन मुद्दा. हिरो प्रोफेसर नाहीतर डॉक्टर, हिरॉइन नाही म्हणतेय तरी हा मागे मागे, आणि लेखकाला ते फार गोड वाटतंय. आपण आज त्याला सरळ पिच्छा करणं म्हणतो, तर म्हणायचंच, 'तो काळच तसा होता' म्हणून सोडून द्यायचं नाही. पण ती नवऱ्याला सोडून का जात नाही म्हणून तिच्यावर चिडण्याआधी जरा थांबा, मुंबई प्रांतात १९४७ चा कायदा येईपर्यंत पांढरपेशा घरातल्या हिंदू बाईला घटस्फोटाची वाटच नव्हती, बाकी देशात तर बहुतेक ठिकाणी १९५५ उजाडलं. म्हणजे राग करायचा तो लेखकाचा, की त्याला ही कोंडी दिसत असूनसुद्धा त्याने तिच्या पातळाच्या रंगावर दीड पान घालवलं!

घरातला गडी, मोलकरीण यांना नाव तरी आहे का तेही बघत चला, बहुतेक नसतंच.

सोबत त्याच काळातल्या बाईने लिहिलेलं काहीतरी वाचाच. विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ चं, म्हणजे मालतीबाई बेडेकर, टोपणनावाने लिहावं लागलं यातच काय ते आलं. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींची घुसमट त्यात आहे. त्यानंतर प्रोफेसरसाहेबांचं प्रेम फारच हलकं वाटतं राव.

आणि घरात कोणी ऐंशीच्या पुढची असेल तर तिला विचारा. आमची मावशी म्हणाली, हिरोकडे कोण बघत होतं गं, ती एकटी सायकलवर कॉलेजला जाते ना, तेवढंच आम्ही परत परत वाचायचो.

एका दमात संपवायला जाऊ नका, वर्णनं बिनधास्त गाळा, संवाद मात्र नीट वाचा. पन्नास पानांत नाहीच जमलं तर परत करून दुसरी आणा.