परदेशात राज्यशास्त्राचं एम.ए. : पुण्यातून अर्ज करताना

सगळ्यात जास्त वेळ उद्देशपत्राला (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे काय आणि का शिकायचंय हे सांगणारं पत्र) द्या. 'लहानपणापासून राजकारणाची आवड' हे वाक्य आधी खोडा. निवड समिती असली पत्रं ढिगाने वाचते. त्याजागी एक नेमका प्रश्न हवा. उदाहरणार्थ, मार्च 2022 मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. नगरसेवकच नसताना पाण्याची तक्रार घेऊन लोक कोणाकडे गेले? आता लिहा, हे तपासायला मुलाखती घ्याल की तक्रारींच्या नोंदी मोजाल, आणि जिथे अर्ज करताय त्या विद्यापीठाच्या विभागातला कोणता विषय त्यासाठी उपयोगी पडेल. विद्यापीठाचं नाव बदलून तेच पत्र दुसरीकडे चालत असेल, तर ते अजून कच्चं आहे.

शिफारसपत्रासाठी मोठ्या हुद्द्यामागे धावू नका. ज्या बाईंनी किंवा सरांनी तुमचा प्रकल्प तपासला, त्यांनाच गाठा. सोबत गुणपत्रिका, तो प्रकल्प आणि उद्देशपत्राचा मसुदा द्या. निदान महिनाभर आधी, कारण परीक्षेच्या दिवसांत कोणालाच फुरसत नसते.

आपल्या विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या विषयांच्या गुणांचा अधिकृत उतारा) वेळेत मागवा. नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळवून बघा, घोळ बहुधा तिथेच होतो. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो. जर्मनीला जायचं असेल तर एपीएस प्रमाणपत्र (तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं) आधी काढा. ब्रिटनच्या व्हिसासाठी फी आणि राहण्याच्या खर्चाचे पैसे खात्यात सलग 28 दिवस लागतात. मध्ये एक दिवस जरी शिल्लक कमी झाली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.