बाईकची विंडशील्ड घरीच कापली, माझा अनुभव

नाना पेठेतून उंच विंडशील्ड घेतली होती पण तिची वरची कड बरोब्बर डोळ्यांसमोर यायची, खंबाटकी घाटात रात्री पाऊस लागला की समोरच्या गाड्यांचे लाईट त्या काचेत फुटायचे आणि रस्ताच दिसायचा नाही, फार भीती वाटायची. शेवटी ठरवलं कापायचीच. आधी हेल्मेट घालून नेहमीसारखा सीटवर बसलो, भावाने नाकाच्या लेव्हलला खूण केली, म्हणजे नजर काचेवरून जाते आणि वारा तरी डोक्यावरून. 5 सेंटीमीटर जास्त निघाली. पुठ्ठ्याचा आकार कापून घेतला, काचेला दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावला आणि तो आकार ठेवून टेपवरच रेघ मारली.

जिगसॉला (हातात धरायची इलेक्ट्रिक करवत) बारीक दातांचं पातं लावा आणि स्पीड कमी ठेवा, हे खरंच महत्त्वाचं, कारण जोरात चालवलं तर प्लास्टिक वितळून मागे परत चिकटतं. माझी काच पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची होती, अॅक्रिलिक प्लास्टिकची असेल तर अजून जपून, ती पटकन तडकते. खाली लाकडी फळी घट्ट धरायची, काच थरथरली की गेलीच. मग कापलेल्या कडेला पॉलिश पेपर, आधी 120 नंबरचा, मग 220, शेवटी 400 पाणी लावून. पुसायला थिनर किंवा पेट्रोल अजिबात नको, बारीक चिरा पडतात, साबणपाणी बास.

परवा कात्रजवरून साताऱ्याला जाऊन आलो, रस्ता एकदम स्वच्छ दिसला.