आई आणि आक्का : स्मरणपुस्तिका कशी तयार करावी

आई गेल्यानंतर तिच्या पहिल्या वर्षश्राद्धाला आठवणींची छोटी पुस्तिका काढावी, असे अनेक कुटुंबांत ठरते आणि ते काम बहुधा घरातल्या ‘जरा बरे लिहिणाऱ्या’ माणसाच्या गळ्यात पडते. माझ्या गळ्यात ते पडले तेव्हा मी एका बैठकीत चार पाने लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी वाचली तर त्यांत प्रेमळ, सोशिक, कष्टाळू, मनमिळाऊ आणि सुगरण हे पाचही शब्द होते. आईचे नाव खोडून शेजारच्या काकूंचे घातले असते तरी एकही वाक्य बदलावे लागले नसते. ती पाने मी फाडली आणि नंतर जे हळूहळू शिकलो ते येथे मांडतो आहे.

पहिली गोष्ट अशी की लिहायला बसण्याआधी तिच्या भावंडांकडे जावे. मुलांना आई ठाऊक असते ती तिच्या पंचविशी-तिशीपासून पुढे. त्याआधीची वीस वर्षे ती कोणाची तरी आक्का होती, आणि तो काळ केवळ मामा-मावशींच्या स्मरणात शिल्लक असतो. तेही आता थकलेले असतात. तेराव्याला सगळे जमतात, पण त्या दिवशी घरात पंगती आणि पाहुणे असल्याने बोलणे होत नाही. त्या दिवशी फक्त पुढची वेळ ठरवून घ्यावी आणि महिन्याभराने ज्याच्या त्याच्या घरी जाऊन निवांत बसावे. परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करावा, कारण बोलण्याची धाटणी वहीत उतरत नाही.

‘आक्का कशी होती?’ असे विचारले की ‘देवमाणूस होती’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी पाणी कोण आणत असे, रात्री कोण कोणाजवळ झोपत असे, मार खाण्याची पाळी आली की पुढे कोण होत असे, असे विचारावे. सन-तारखा कोणालाच आठवत नाहीत, म्हणून घटनांचा आधार घ्यावा. पुण्याकडच्या माणसाला १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, साताऱ्याकडच्यांना ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट विसरता येत नाही. १९७२ चा दुष्काळ तर बहुतेकांना आठवतो. ‘मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खाल्ल्या तेव्हा आक्काचे लग्न झाले होते का?’ या एका प्रश्नावर माझी मावशी पाऊण तास बोलली, कारण आई तेव्हा तिला कडेवर घेऊन खडी फोडायच्या कामावर जात असे.

कागदपत्रे जरूर पाहावीत, मात्र त्यांवर पूर्ण विसंबू नये. दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर ती बहुधा शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली असते. एका पिढीतील अर्धा गाव त्याच दिवशी जन्मलेला दिसतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यात मात्र ‘शाळा सोडल्याचे कारण’ असा रकाना असतो आणि तो लक्षपूर्वक वाचावा. आईच्या दाखल्यावर ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहिले होते. मी पहिल्या खर्ड्यात ‘भावंडांसाठी तिने शिक्षणाचा त्याग केला’ असे लिहिले होते. धाकट्या मामाने ते वाचून शांतपणे सांगितले, ‘तिनं सोडली नाही रे शाळा, तिला सोडवली. मला सांभाळायला घरी कोणी नव्हतं.’ त्याग हा शब्द लिहिण्यापूर्वी निर्णय कोणी घेतला आणि लाभ कोणाला झाला, हे विचारून घ्यावे, असे मला तेव्हापासून वाटते.

हीच काळजी हक्कसोडपत्राच्या बाबतीत घ्यावी लागते. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच वाटा महाराष्ट्रात १९९४ च्या (तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना) आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, त्यामुळे त्यानंतर बहिणीने केलेली सही ही खरोखर काहीतरी सोडणारी सही असते. तिने ती राजीखुशीने केली हे नक्की ठाऊक असेल तर तसे एका वाक्यात लिहावे. ठाऊक नसेल तर औदार्याचे गोडवे गाऊ नयेत. जमिनीचे भांडण चालू असेल तर हा विषय पुस्तिकेत आणूच नये, कारण ती आईची स्मरणपुस्तिका असते, कोर्टातले म्हणणे नव्हे.

यानंतर घरातील वस्तू उघडाव्यात. आमच्याकडे सर्वांत मोठा ऐवज निघाला तो जुन्या कालनिर्णयांचा. आई त्यातील चौकटींत दुधाचे लिटर, गॅसची टाकी लावल्याची तारीख आणि आजीच्या औषधाची वेळ लिहीत असे. दरवर्षी रक्षाबंधनाच्या आठ-दहा दिवस आधीच्या एका चौकटीत ‘राख्या टाकल्या ४’ अशी नोंद होती. मधल्या तीन वर्षांत थोरल्या मामाशी बोलणे बंद होते, हे आम्हा मुलांना माहीत होते. त्या तिन्ही वर्षांच्या चौकटींत आकडा ४ च होता.

लिहिताना विशेषण आले की थांबावे आणि त्या विशेषणामागचे काम आठवून तेवढेच लिहावे. ‘सासूची सेवा केली’ हे वाक्य कोणालाही लिहिता येते. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या आजीची वेणी घालण्यापूर्वी आई लाकडी फणी आधी स्वतःच्या तळहातावरून ओढून पाहत असे, एखादा तुटका दाता टोचत नाही ना म्हणून. ही गोष्ट मात्र जिने ते केले तिचीच राहते. अशा तीन-चार गोष्टी सविस्तर आल्या की बाकीचे आयुष्य पान-दीड पानात सांगितले तरी चालते. तिचे शब्द तिच्याच बोलीत ठेवावेत; ‘आत्ता गं बया’चे ‘अरे बापरे’ करू नये. तिचा राग, हट्ट आणि नावडत्या भाज्याही याव्यात. नातवंडांना ती फोटोतल्या हारामागची नको असते.

माहेरचे नाव पहिल्याच पानावर द्यावे. लग्नात नाव बदलण्याची पद्धत असल्याने आमच्या भाच्यांना आजीचे मूळ नाव प्रथमच कळले. घरी वंशावळ असेल तर तीही तपासावी. तिच्यात बहुतेक वेळा लेकींची नावे गाळलेली असतात आणि ती भरण्याची हीच वेळ असते.

छपाईचा भाग सोपा आहे. ए-५ आकारात, मधोमध पिना मारायच्या असतील तर पाने चारच्या पटीत, म्हणजे १६, २० किंवा २४ ठेवावीत आणि अक्षर १४ पॉइंटपेक्षा लहान घेऊ नये, कारण वाचणारे निम्मे लोक सत्तरीपुढचे असतात. छायाचित्रे ३०० डीपीआयवर, अगदी लहान असतील तर ६०० वर स्कॅन करावीत आणि मूळ छायाचित्रांच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे लिहावीत, बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. कागदपत्रांची छायाचित्रे छापताना आधार आणि खात्याचे क्रमांक झाकावेत. वर्षश्राद्ध तिथीने येते, ते मृत्यूच्या तारखेशी जुळेलच असे नाही, म्हणून छापखान्याला दिवस सांगण्यापूर्वी पंचांग पाहावे.

शेवटची दोन पाने कोरी सोडावीत आणि संगणकावरील मूळ फाइल पुसू नये. आई नवव्या वर्षापासून घरच्या भाकरी थापत होती, असे मी मोठ्या अभिमानाने छापले होते. पंधरा दिवसांनी धाकट्या मामाने त्याची प्रत टपालाने परत पाठवली. कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिले होते : ‘भाकरी आक्काला कधीच जमल्या नाहीत, त्या तुझी मधली मावशी थापायची. आक्का पाणी आणायची, दोन घागरी, एक डोक्यावर, एक कमरेवर, आणि वर मी. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करावे.’