नळाला मातकट वास? आधी गच्चीवर जा

पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास नळाच्या पाण्याला आला, तर बऱ्याचदा त्यामागे शेवाळ असतं. सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस आणि भरपूर ऊन मिळालं की तलावात ते फोफावतं. मुंबईचं पिण्याचं पाणी भातसा, तानसा, विहार अशा सात तलावांतून शुद्ध होऊन येतं. (पवईचं नव्हे, ते पिण्यासाठी नाहीच.) म्हणून पहिला संशय इमारतीच्या टाकीवर घ्या.

आमच्या टाकीचं झाकण तडकलेलं होतं. फटीतून उन्हाची तिरीप जिथे पडायची, नेमका तिथेच तळहाताएवढा हिरवा बुळबुळीत डाग. बाकी टाकी स्वच्छ! टाकी घासून घेतली, काळं घट्ट झाकण बसवलं, आठवड्यात वास गेला. शेजारच्या इमारतींतही वास असेल तर मात्र वॉर्ड ऑफिसात तक्रार करा.

आणि हो, तलावावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर दिसला, तर ते पाणी उकळूनही पिऊ नका. नील-हरित शेवाळाच्या काही जातींचं विष उकळून जात नाही. उलट पेशी फुटून ते पाण्यात जास्त उतरतं. कुत्र्यालाही तिथे पाजू नका.